शब्द परत आले, संभाषण तिथेच राहिलं: ‘बिग कॅक्टस’ चाचणीचा प्रकरण अभ्यास

२०१९ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एका ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष छापून आले. स्ट्रोकनंतर वाचा गेलेल्या माणसांनी घरी बसून कॉम्प्युटरवर शब्दांचा सराव केला, तर त्यांना शब्द सापडू लागतात का, हा पहिला प्रश्न होता. उत्तर आलं: हो, सापडतात, आणि फरक डोळ्यांत भरण्याइतका आहे. दुसरा प्रश्न होता: मग ही माणसं इतरांशी अधिक चांगलं बोलू लागतात का? उत्तर आलं: नाही. तिसरा प्रश्न त्या माणसांनाच विचारला होता: तुमच्या बोलण्यात, जगण्यात काही सुधारणा झाली असं तुम्हाला वाटतं का? त्याचंही उत्तर नाही असंच आलं.

मी वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडणं, झालेल्या माणसांबरोबर काम करते आणि या चाचणीकडे पुन्हा पुन्हा वळते. यशस्वी चाचण्या पुष्कळ आहेत, फसलेल्याही पुष्कळ आहेत. पण एवढं स्वच्छ यश आणि एवढं स्वच्छ अपयश एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडलेलं क्वचित बघायला मिळतं. आपण सगळे ज्याला सरसकट ‘सुधारणा’ म्हणतो, तिचे दोन भाग या चाचणीने अलग करून दाखवले. ते दोन भाग एकमेकांपासून किती लांब असू शकतात, हे मला या कामात आल्यावरही बराच काळ नीट कळलेलं नव्हतं.

आधीची परिस्थिती

स्ट्रोकमधून वाचलेल्या साधारण तीन माणसांपैकी एकाला वाचाघात होतो. बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातल्या भाषेच्या जागांना इजा झालेली असते. बुद्धी गेलेली नसते, आठवणी गेलेल्या नसतात, माणसं ओळखू येत असतात. बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींना कमीअधिक धक्का बसतो. कुणाचं समजणं बरंचसं शाबूत राहतं आणि बोलणं तुटतं, कुणाचं बोलणं ओघवतं राहतं पण त्यात अर्थ सापडत नाही.

या सगळ्या प्रकारांत एक तक्रार जवळपास सारखी असते, ती म्हणजे शब्द न सापडणं. समोर चष्मा असतो. तो कशासाठी असतो हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, हाताने डोळ्यांवर लावून दाखवताही येतो. पण ‘चष्मा’ हा शब्द येत नाही. कधी त्याच्या जागी ‘डोळे’ येतं, कधी ‘चश्पा’सारखं काहीतरी, कधी काहीच नाही. एखादं नाव जिभेवर घोळतंय आणि बाहेर पडत नाही, हा अनुभव आपल्या सगळ्यांना अधूनमधून येतो. वाचाघातात तो दर वाक्याला येतो.

वाचा-उपचारांचा उपयोग होतो, याबद्दल आता वाद राहिलेला नाही. ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१६ सालच्या आढाव्यात ५७ चाचण्या आणि ३,००२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, आणि उपचार मिळालेल्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं उपचार न मिळालेल्यांपेक्षा सुधारतं, असं त्यात दिसलं. अडचण आहे ती उपचार पुरवण्याची. ब्रिटनमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, थेरपी मिळते; मग ती आटत जाते. भाषा मात्र त्यानंतरही, कधी कधी काही वर्षांनीसुद्धा, सुधारू शकते. माणसाची शिकण्याची तयारी असते, मेंदूचीही असते, आणि शिकवायला कुणी उरलेलं नसतं.

शेफील्ड विद्यापीठातल्या रिबेका पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पोकळीवर काम करायचं ठरवलं. थेरपिस्ट रोज घरी जाऊ शकत नाही, पण कॉम्प्युटर रोज घरी असतो. थेरपिस्टने सराव आखून द्यायचा, रुग्णाने तो स्वतः करायचा. आधी त्यांनी ३४ जणांवर एक लहान चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ साली आले आणि शब्द सापडण्यात चांगली वाढ दिसली. त्या जोरावर मोठी चाचणी उभी राहिली. लहान चाचणीचं नाव ‘कॅक्टस’ होतं, म्हणून ही ‘बिग कॅक्टस’.

चाचणीची मांडणी, आणि तिच्यातले दोन शहाणे निर्णय

ऑक्टोबर २०१४ ते ऑगस्ट २०१६ या काळात ब्रिटनमधल्या एनएचएसच्या २१ वाचा-उपचार विभागांतून २७८ माणसं निवडली गेली. स्ट्रोक होऊन किमान चार महिने झालेले असावेत आणि शब्द सापडण्यात अडचण असावी, या मुख्य अटी होत्या. संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची तीन गटांत विभागणी झाली.

पहिल्या गटातल्या १०१ जणांना नेहमीची सेवा, म्हणजे ज्याला जी मिळत होती ती. दुसऱ्या गटातल्या ९७ जणांना नेहमीच्या सेवेच्या जोडीला कॉम्प्युटरवरचा सराव: ‘स्टेप बाय स्टेप’ नावाच्या सॉफ्टवेअरवर रोज २० ते ३० मिनिटं, सहा महिने. थेरपिस्टने सराव प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे आखून दिलेला होता. महिन्यातून एकदा एखादा सहायक किंवा स्वयंसेवक भेटायचा, अडलेलं सोडवायचा आणि शिकलेले शब्द बोलण्यात वापरायला प्रोत्साहन द्यायचा.

तिसरा गट ८० जणांचा. त्यांना नेहमीच्या सेवेशिवाय कागदावरची कोडी दिली गेली आणि महिन्यातून एकदा फोन केला गेला. हा गट कशाला, असं पटकन वाटतं. चाचणीतला पहिला शहाणा निर्णय हाच आहे. रोज काहीतरी नेमाने करणं आणि कुणीतरी आपली विचारपूस करणं, एवढ्यानेच माणसाला हुरूप येतो. कॉम्प्युटरच्या गटात सुधारणा दिसली, तर ती शब्दांच्या सरावाने झाली की या हुरूपाने, हे सांगता आलं नसतं. कोड्यांच्या गटाने ती शंका मिटवली.

दुसरा निर्णय शब्दांच्या निवडीचा. प्रत्येकाने स्वतःच्या जगण्यातले १०० शब्द निवडायचे होते. कुणाला कशाची गरज आहे, कुणाला कशाबद्दल बोलायला आवडतं, त्याप्रमाणे. सगळ्यांना एकच छापील यादी दिली असती तर मोजणी कितीतरी सोपी झाली असती. तरी संशोधकांनी कठीण वाट धरली, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. ज्या माणसाला आपल्या नातवाचं नाव घ्यायचं आहे, त्याच्याकडून ‘उंट’ आणि ‘जहाज’ घोकून घेण्यात काय अर्थ आहे?

मुख्य निष्पत्ती, म्हणजे ज्यांवरून चाचणीचं यश ठरणार त्या मोजायच्या गोष्टी, दोन ठरवल्या होत्या. एक, या १०० शब्दांपैकी चित्र पाहून किती सांगता येतात. दोन, संभाषण. प्रत्येकाच्या संभाषणाचा व्हिडिओ काढायचा आणि कोण कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या थेरपिस्टने तो पाहून शून्य ते पाच या मापावर गुण द्यायचे. त्यानंतर महत्त्वाची निष्पत्ती म्हणजे रुग्णाने आपल्या बोलण्याबद्दल आणि जगण्याबद्दल स्वतः भरलेली प्रश्नावली.

या दोन मुख्य निष्पत्ती सुरुवातीलाच शेजारी शेजारी लिहून ठेवल्या होत्या, हे विसरता कामा नये. शब्द मोजून थांबता आलं असतं. वाचाघाताच्या संशोधनात बहुतेकदा तसंच होतं, कारण चित्र पाहून नाव सांगणं मोजायला सोपं आहे. शब्द बरोबर की चूक, शंभरपैकी किती, विषय संपला. २०१८ साली अमेरिकेत ७४ रुग्णांवर थेरपीच्या वेळी डोक्यावरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याची चाचणी झाली, तिचीही मुख्य निष्पत्ती नावं सांगणं हीच होती. बिग कॅक्टसच्या संशोधकांनीही तेवढंच मोजलं असतं, तर आज ही चाचणी निर्विवाद यश म्हणून मिरवली गेली असती.

आकडे काय म्हणतात

सहा महिन्यांनंतर नेहमीच्या सेवेच्या गटात शब्द सापडण्याचं प्रमाण सरासरी १.१ टक्क्यांनी वाढलं. कोड्यांच्या गटात २.४ टक्क्यांनी. कॉम्प्युटरच्या गटात १६.४ टक्क्यांनी.

इथे क्षणभर थांबायला हवं. ज्यांच्या बाबतीत ‘आता यापुढे फारसं काही होणार नाही’ असं घरच्यांना कळत नकळत सांगितलं गेलेलं असतं, अशी ही माणसं. त्यांना स्वतः निवडलेल्या शंभर शब्दांपैकी सोळाएक शब्दांइतकी भर पडली, तीही बहुतांशी एकट्याने सराव करून. नऊ आणि बारा महिन्यांनंतर पुन्हा तपासलं तेव्हाही ही कमाई टिकून होती. स्ट्रोकनंतर काही महिन्यांनी भाषेची दारं बंद होतात, या समजुतीला यापेक्षा चोख उत्तर देता येणार नाही.

कोड्यांच्या गटाचा आकडा घरोघरी सांगायला हवा. वाचाघात झालेल्या माणसासमोर मायेने कोड्यांचं पुस्तक ठेवणारे पुष्कळ असतात, ‘मेंदूला चालना मिळेल’ म्हणून. वेळ चांगला जात असेल तर ठेवावं, पण त्याने शब्द येत नाहीत. जो शब्द हवा तो घोकावा लागतो.

आणि जो घोकला तोच येतो. सराव न केलेल्या शब्दांची वेगळी चाचणी घेतली होती, तिथे फरक पडला नाही. एका शब्दामागे दुसरा आपोआप चालत आला नाही.

संभाषणाचा आकडा: पाचपैकी गुणांत कॉम्प्युटरचा गट आणि नेहमीच्या सेवेचा गट यांच्यातला फरक उणे ०.०३. म्हणजे काहीच नाही. अनिश्चिततेची पट्टी उणे ०.२१ ते अधिक ०.१४ अशी होती, तेव्हा एखादा मोठा फायदा आकड्यांच्या धुक्यात दडून राहिला असेल, असंही म्हणता येत नाही. प्रश्नावलीतही तसंच.

आणखी एक तपशील आहे, जो बातम्यांत सहसा येत नाही. कॉम्प्युटरच्या गटातल्या वाढीची सरासरी १६.४ असली, तरी तिचं प्रमाणित विचलन १५.३ होतं. साध्या भाषेत, काहींना सरासरीच्या दुप्पट फायदा झाला आणि काहींना जवळपास काहीच झाला नाही. ‘सरासरी रुग्ण’ नावाचा माणूस कुणाच्याच घरात राहत नाही, हे डोक्यात ठेवूनच हा आकडा वाचायला हवा.

शब्द बोलण्यात का उतरले नाहीत

यावर तीन स्पष्टीकरणं देता येतात. तिन्हींत तथ्य आहे, पण सारखं नाही.

पहिलं मोजपट्टीबद्दलचं. शून्य ते पाच हे माप ढोबळ आहे. शंभरपैकी सोळा शब्द वाढलेल्या माणसाच्या संभाषणात नेमके तेच शब्द यायला हवेत, असं काही बंधन नसतं. बागकामाचे शब्द शिकलेल्या माणसाशी त्या व्हिडिओत बागेबद्दल बोलणं झालंच नसेल, तर त्याची कमाई दिसणार कशी? हा आक्षेप योग्य आहे. पण रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतही फरक दिसला नव्हता, आणि तिला व्हिडिओतल्या विषयाचं बंधन नव्हतं. त्यामुळे सगळा दोष मोजपट्टीवर टाकता येत नाही.

दुसरं स्पष्टीकरण मात्रेचं. रोज २० ते ३० मिनिटं हे ठरलं होतं. सहा महिने रोज २० मिनिटं धरली तरी साठ तास होतात. प्रत्यक्षात सरासरी सराव झाला २८ तास, म्हणजे दिवसाला नऊ-दहा मिनिटं. यात रुग्णांना दोष देण्यासारखं काही नाही. स्ट्रोकनंतरचा थकवा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला एकट्याने पडद्यासमोर बसून हे २८ तास काढणं किती कष्टाचं आहे हे कळेल.

मात्रा वाढवली असती तर संभाषण सुधारलं असतं का? इथे दुसरी एक चाचणी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. जर्मनीत १९ केंद्रांवर १५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. स्ट्रोक होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास, थेरपिस्टबरोबर उपचार मिळाले. एकेकट्याने आणि गटातही. त्यांचं रोजच्या प्रसंगांतलं बोलणं १० ते ५० गुणांच्या मापावर सरासरी २.६१ गुणांनी सुधारलं. त्याच काळात उपचारांसाठी थांबलेल्या गटात काहीच हललं नाही.

आता तास मोजून पाहा. ब्रिटनमध्ये सरासरी २८, जर्मनीत तीसच्या आसपास, शिवाय रुग्णांचा स्वतःचा सराव वेगळा. थेरपीचे तास जवळजवळ सारखे. एकीकडे ते सहा महिन्यांवर पातळ पसरलेले, दुसरीकडे तीन आठवड्यांत दाटीने रचलेले. एकीकडे समोर पडदा, दुसरीकडे समोर माणूस. ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, हेही सांगायला हवं. जर्मन चाचणीत सत्तरीपर्यंतचेच रुग्ण घेतले होते. तिथलं मापही वेगळं होतं: परीक्षक प्रसंग सांगतो आणि रुग्ण ‘अशा वेळी मी काय म्हणेन’ ते बोलून दाखवतो. त्याला खरं दुहेरी संभाषण म्हणता येणार नाही. तरीही नुसती मात्रा कमी पडली, हे स्पष्टीकरण या तुलनेनंतर मला अपुरं वाटतं. जास्त मात्रा नेहमीच जास्त गुणकारी असते असंही नाही: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २४६ रुग्णांच्या एका चाचणीत स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दिवसांत नेहमीपेक्षा जादा उपचार देऊन पाहिले, तेव्हा त्याचा जादा फायदा झाला नाही.

तिसरं स्पष्टीकरण सरावाच्या स्वरूपाचं, आणि माझा कौल याला आहे. चित्र पाहून नाव सांगताना अर्थ आयता पुढ्यात असतो. वेळ आपला असतो. एकच शब्द काढायचा असतो. संभाषणात यातलं काहीच नसतं. काय म्हणायचं ते आधी मनात जुळवायचं, क्रियापद शोधायचं, शब्दांचा क्रम लावायचा, समोरच्याचं ऐकायचं, त्याने विषय बदलला की आपणही वळायचं, आणि हे सगळं समोरच्याचा धीर संपायच्या आत. चित्राशी बांधलेला शब्द चित्राशिवाय हाक मारल्यावर येईलच असं नाही.

मराठी वाचकाला हे लगेच पटावं, कारण आपल्या भाषेत तर शब्द वाक्यात शिरताना रूपच बदलतो. चित्र पाहून ‘घोडा’ म्हणता आलं, पण बोलताना लागतं ‘घोड्याला’, ‘घोड्यावर’. ‘पाणी’ घोकलं, पण लागतं ‘पाण्यात’. मूळ रूप हाती आलं तरी सामान्यरूपाची पायरी उरतेच. इंग्रजीत ही पायरी जवळपास नाही, आणि तरीही तिथे शब्द संभाषणात उतरले नाहीत. मराठीसाठी असं सॉफ्टवेअर कुणी करत असेल तर चित्रांच्या शेजारी ‘घोड्याला’, ‘घोड्यावर’ ही रूपंही त्यात पहिल्या दिवसापासून असायला हवीत, असं मला कळकळीने वाटतं.

आणखी एक गोष्ट राहते. संभाषणाला दोन माणसं लागतात. या चाचणीत रुग्णाने सहा महिने सराव केला. त्याच्याशी रोज बोलणाऱ्या माणसाने काय करायचं, हा सरावाचा गाभा नव्हता. थांबून वाट पाहणं, हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारणं, कागद-पेन्सिल पुढे करणं, समजलं नसताना समजल्याचं न दाखवणं: हेही शिकावं लागतं. अनेक घरांत रुग्णाच्या तोंडचा शब्द दुसरंच कुणीतरी प्रेमाने पूर्ण करतं. नव्याने शिकलेले सोळा शब्द बाहेर यायला जागाच उरत नाही.

खर्चाचा हिशेब

ब्रिटनमध्ये एखादा उपचार एनएचएसने द्यावा की नाही हे ठरवताना त्याने आयुष्याच्या गुणवत्तेत किती भर पडते आणि त्यासाठी किती पैसे लागतात, याचं गणित मांडलं जातं. पूर्ण आरोग्यातलं एक वर्ष हे त्याचं एकक. या चाचणीच्या वेळी एका एककामागे साधारण २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंतचा खर्च परवडण्यासारखा मानला जात होता.

बिग कॅक्टसमध्ये कॉम्प्युटर थेरपीचा जादा खर्च दर माणशी सुमारे ७३३ पौंड आला. ही रक्कम फार मोठी नाही. पण फायदा इतका बारीक मोजला गेला की एका एककामागचा खर्च ४२,६८६ पौंडांवर गेला. म्हणजे दर माणशी फायदा पूर्ण आरोग्यातल्या जेमतेम सहा दिवसांइतका. शब्द सापडण्याची अडचण सौम्य असलेल्यांत हाच आकडा २२,३७१ होता आणि मध्यम असलेल्यांत २८,८९८. तो मर्यादेत बसतो. तीव्र अडचण असलेल्यांच्या बाबतीत हिशेब जमलाच नाही.

हा हिशेब वाचताना मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते. आयुष्याची गुणवत्ता ज्या प्रश्नावलीने मोजली जाते तिच्यात पाच बाबी असतात: चालणं-फिरणं, स्वतःचं स्वतः आवरणं, नेहमीचे व्यवहार, वेदना, आणि चिंता किंवा उदासी. बोलणं त्यात नाही. वाचा गेलेल्या माणसाच्या उपचाराचं मोल ज्या तराजूत ठरतं, त्या तराजूला वाचेसाठी पारडंच नाही. रुग्णांना समजेल अशी चित्रमय प्रश्नावली या संशोधकांनी वापरली, त्यामुळे निदान उत्तरं त्यांची स्वतःची होती. पण जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचं उत्तर कुठून येणार? महागात पडलेली थेरपी आणि मोजताच न आलेला फायदा यांत फरक करायला हवा, आणि धोरण ठरवणाऱ्या टेबलावर तो फरक फार लवकर पुसला जातो.

पुढे काय झालं

चाचणी वाया गेली नाही. उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३ साली स्ट्रोकनंतरच्या पुनर्वसनाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत कॉम्प्युटरवरच्या कार्यक्रमांना जागा मिळाली, पण शब्द मोजून मापून वापरलेले आहेत: प्रत्यक्ष थेरपीच्या जोडीला, आणि नावं सांगण्याच्या उद्दिष्टापुरता त्यांचा विचार करावा. थेरपिस्टच्या जागी कॉम्प्युटर, असं कुठेही म्हटलेलं नाही. दोन निष्पत्ती वेगवेगळ्या मोजल्यामुळेच ही सीमारेषा इतक्या नेमकेपणाने आखता आली. नुसते शब्द मोजले असते, तर उद्या थेरपिस्टची संख्या कमी करायला हीच चाचणी पुढे केली गेली असती.

मोजपट्टीच्या प्रश्नावरही काम झालं. वाचाघाताच्या सगळ्या चाचण्यांनी निदान काही निष्पत्ती सारख्याच साधनांनी मोजाव्यात, म्हणून विविध देशांतले संशोधक एकत्र आले. २०१९ साली भाषेसाठी, मनःस्थितीसाठी आणि जीवनमानासाठी कोणतं साधन वापरायचं यावर त्यांचं एकमत झालं. संवादासाठी झालं नाही. इतकी वर्षं संशोधन करूनही संवाद कशाने मोजायचा, यावर तज्ज्ञांचं जुळेना. पुढच्या फेरीत ‘सिनॅरिओ टेस्ट’ या चाचणीवर एकमत झालं. तिच्यात बोलणं, खूण, लिहिणं, चित्र काढणं, काहीही करून आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचलं तर ते मोजलं जातं, आणि परीक्षक नुसता ऐकत न बसता प्रतिसादही देतो. वाचाघात झालेला माणूस घरात असाच तर बोलतो.

मात्रेबद्दल २८ देशांतल्या ५,९२८ रुग्णांची माहिती गोळा करून झालेल्या ‘रिलीज’ या विश्लेषणात एकूण २० ते ५० तास, आठवड्यातून चार-पाच दिवस, रुग्णाच्या प्रत्यक्ष गरजांना धरून आखलेली थेरपी आणि तिच्या जोडीला घरचा सराव, यांच्याबरोबर सर्वांत मोठी सुधारणा दिसली. ‘प्रत्यक्ष गरजांना धरून’ आणि ‘घरचा सराव’ हे दोन्ही त्यात आहेत, एकाच्या बदल्यात दुसरं असं नाही.

या प्रकरणाने माझ्या कामात एक बदल झाला. शब्दांची यादी मी अजूनही रुग्णाबरोबर बसून करते, कारण सोळा टक्के ही भीक नव्हे, ती कमाई आहे. फक्त आता यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने असतात: हा शब्द कुणाशी बोलताना लागतो, कोणत्या वाक्यात लागतो, आणि तो अडला तर समोरच्याने काय करायचं. ‘चावी’ हा शब्द असेल तर पुढे मुलीचं नाव येतं, त्यापुढे ‘चावी कुठे ठेवलीस’ हे वाक्य, आणि त्यापुढे ‘दहापर्यंत मनात मोज, मग पहिलं अक्षर दे’. पहिले दोन रकाने रुग्ण आणि मी मिळून भरतो. तिसरा रकाना ती मुलगी भरते, तिच्या हस्ताक्षरात. संभाषणाचा सराव त्या दोघांनी माझ्यासमोर करायचा असतो, मी मध्ये न बोलता. कॉम्प्युटरवरचा सराव उरलेल्या दिवसांत चालू राहतो.